अंगठा विंगेकडे वळला की

नाटकातल्या माणसाला मरायला काय काय लागतं ते मला विचारा. कुंकू, गुळाचं पाणी, चिमूटभर कात आणि मेल्यावर स्वस्थ पडून राहायची अक्कल. पहिल्या तीन वस्तू आमच्या दुकानात मिळायच्या. चौथी ज्याची त्याने घरून आणायची.

सोलापुरात भवानी पेठेत आमचं ड्रेपरीचं दुकान होतं. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे, दाढ्या, मिशा, मुकुट, लाकडी तलवारी, सगळं भाड्याने. आम्ही जातीचे शिंपी. आमचे हे राजाचा अंगरखा आणि भिकाऱ्याची बंडी एकाच मशिनवर शिवायचे आणि अंगावर बेतून बघताना दोघांनाही सारखीच टाचणी टोचायचे. सत्तरच्या दशकात आमच्या गावाला नाटकाचं भारी वेड. गिरणीचं मंडळ वेगळं, बँकेचं वेगळं, यंत्रमाग कारखान्यांची तर विचारू नका. ही मंडळं बहुतेक जुनी पाच अंकी नाटकं करायची, कारण जुन्या नाटकाचा लेखक केव्हाच वारलेला असतो आणि तालमीत येऊन नाक खुपसत नाही. आमचे हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "दाढ्यांबरोबर प्रॉम्प्टर फुकट." तो फुकटातला प्रॉम्प्टर म्हणजे मी.

बाई प्रॉम्प्टर म्हटल्यावर लोक आधी नाकं मुरडायचे. सेनापतीची गर्जना पुढच्या रांगेला आधी बायकी आवाजात ऐकू येणार, मग पुरुषी आवाजात, अशी त्यांना भीती. म्हणून मी आवाज न काढता नुसत्या श्वासावर शब्द सोडायला शिकले. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, स्टुलावर बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि नट अडला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द तेवढा द्यायचा. पूर्ण वाक्य दिलं तर तो ऐकत बसतो आणि मग दोघंही गाळात. एवढंच काम असतं तर कुणीही केलं असतं. खरी मेख वेगळी आहे. नट गप्प झाला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं. थांबलेल्याला शब्द दिलात तर त्याच्या प्रसंगाचा मुडदा पडतो. विसरलेल्याला दिला नाहीत तर तुमचा पडतो. विंगेतून नटाचं तोंड दिसत नाही, दिसतात ती पावलं. त्यावरून मी माझी एक खूण शोधून काढली होती. विसरलेल्या माणसाच्या पायाचा अंगठा हळूच विंगेकडे वळतो. त्याच्या मनात नसलं तरी वळतो. ज्याचा अंगठा जागचा हलत नाही, त्याला खुशाल थांबू द्यावं.

करमाळ्याला एका नाटकात नायक इतका झकास मेला की लोकांनी वन्स मोअर दिला. गाण्याला देतात तसा, मरणाला! मी विंगेतून "पडून राहा" म्हणत होते. तो उठला, पब्लिकला नमस्कार केला, पुन्हा तलवार खाल्ली आणि पुन्हा मेला. दुसऱ्यांदा जरा घाईत मेला असं माझं मत पडलं.

मस्करी सोडा. जुन्या नाटकांची पुस्तकं मांडीवर घेऊन इतकी वर्षं बसल्यावर मला एक गोष्ट कळली. त्यात तापाने कुणी मरत नाही. मरतो तो, ज्याला दोन वाटा दिसलेल्या असतात आणि ज्याने त्यातली एक घेतलेली असते. चार अंक तो नुसता दाढीवाला असतो, कुणाचा मंत्री, कुणाचा सेनापती. पाचव्या अंकात त्याला निवड करावी लागते आणि तिथे त्याचा माणूस होतो. मग दाढी आमची आणि माणूस त्याचा. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि नीट कळलं तेही एकाच नाटकामुळे.

एका यंत्रमाग कारखान्याच्या मंडळाने ते बसवलं होतं. गोष्ट साधी. राजाला सावत्र मुलाचा काटा काढायचा असतो. मुलगा आजारी. राजा वैद्याला हुकूम करतो की औषध म्हणून विषाचा पेला दे. पाचव्या अंकात वैद्य पेला हातात घेतो, मुलाला म्हणतो, "आधी वैद्याने चाखावं, मग रोग्याने," आणि सगळ्या दरबारादेखत स्वतः पितो.

वैद्याचं काम गुरुसिद्धप्पाकडे होतं. तो त्या कारखान्यात जॉबर, म्हणजे विणकरांच्या वरचा माणूस. उंच, सावळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घरी कानडी, बाहेर मराठी, मला अक्का म्हणायचा. आवाज असा की प्रॉम्प्टरला पुस्तक मिटून बसावंसं वाटावं. दिग्दर्शक होते एका हायस्कुलातले मराठीचे सर. त्यांची आणि गुरुसिद्धप्पाची तालमीत रोज जुंपायची, कारण हा पठ्ठ्या पेला घ्यायचा डाव्या तळहातावर, आणि विष प्यायल्यावर खाली कोसळायच्या ऐवजी खांबाला टेकून मांडी घालून बसायचा.

"अहो, आडवे व्हा," सर ओरडायचे. "मेलात तुम्ही."

"मेलो की सर."

"मग पडा ना!"

"आमच्यात मेलेला मानूस पडत न्हाय सर. बसतो."

सगळी तालीम हसली. पण त्याचं खोटं नव्हतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकून मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, रोज पूजेला घेतात ते लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि बसलेलाच पुरतात. मेला असंही म्हणत नाहीत. लिंगैक्य झाला म्हणतात. गुरुसिद्धप्पाने लहानपणापासून मरण तसंच पाहिलेलं, त्याला दुसरं येणार कुठून?

"प्रेक्षकांना वाटेल, वैद्याला डुलकी लागली," सर म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच नाटकात पेला घेऊन येणाऱ्या सेवकाचं काम नरसय्या करायचा. नरसय्या तेलुगू, त्याच कारखान्यात विणकर. त्याला मराठी वाचता यायचं नाही, सगळं माझ्या तोंडून ऐकून पाठ केलेलं. वाक्य एकच, "महाराजांनी हे औषध पाठवलंय." त्याच्यापुढे पुस्तकात कंसात लिहिलेलं होतं, डोळे पुसत. पहिल्या दिवशी मी सवयीने तेही वाचलं असणार. नरसय्या पेला घेऊन आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराजांनी हे औषध पाठवलंय डोळे पुसत." मग ते काही केल्या सुटेना. आम्ही सगळे त्याला डोळेपुसत म्हणूनच हाक मारायला लागलो आणि तोही ओ द्यायचा.

तालमी रंगात आल्या होत्या आणि कारखान्यातला सुताच्या गासड्यांचा माळा कोसळला. नरसय्या वर होता. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिला नाही.

माळ्याची तुळई कुजली होती. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि मालकांना सगळ्यांच्या आधी. त्या दिवशी मालकांनी गुरुसिद्धप्पाला सांगितलं की वरच्या गासड्या काढून घे, आणि गुरुसिद्धप्पाने नरसय्याला चढ म्हटलं. आता सरकारी साहेब जबाब घ्यायला येणार होते. मालकांनी सगळ्या कामगारांना एकच वाक्य पाठ करायला दिलं. नरसय्या दारू पिऊन आपल्या मनाने वर चढला. जॉबरचा जबाब महत्त्वाचा, तो म्हणेल ते बाकीचे म्हणणार.

चार दिवसांनी नरसय्याची बायको लक्ष्मम्मा आमच्या दुकानात आली. ती घरी विड्या वळायची, बोटांना तंबाखूचा वास. नरसय्याने हौसेने घरी नेलेला सेवकाचा पोशाख परत द्यायला आली होती. धुऊन, घडी घालून.

"धुतलाय अम्मा," ती म्हणाली. "माझा माणूस पिणारा नव्हता. कदीच नाही. आता सगळे पिणारा म्हणाया लागलेत. पोरं ऐकतात की."

मी घडी हातात घेतली. दारूचं ठरलं तर तिला भरपाई मिळणार नव्हती, पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. ती पोरांच्या कानांबद्दल बोलत होती.

आम्हाला वाटलं, नाटक आता रद्द होईल. पण मालकांचा आग्रह की व्हायलाच हवं, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आहेत, कामगारांचं मन रमेल. फक्त शेवट बदला. "जत्रंच्या दिवसांत मरन कशाला दाखवायचं, सर? आदीच एक झालंय," मालक म्हणाले. सरांनी आढेवेढे घेतले आणि शेवटी नवं पान लिहून आणलं. आता वैद्य "पुरे झालं!" म्हणून पेला भिरकावून देणार, राजाला पश्चात्ताप होणार, सगळे जिवंत. ते पान मी पुस्तकाला टाचणीने लावलं. नव्या सेवकाचा प्रश्न निघाला तेव्हा गुरुसिद्धप्पा एवढंच म्हणाला, "पेला आनायला कुनी नको. तितंच ठिवा. मी घेतो."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो दाढी बघायला दुकानात आला. आमचे हे बाहेर गेले होते. मीच डिंक लावून दाढी चिकटवत होते. अर्धी लागली असताना तो म्हणाला, "अक्का, तुमी लई नाटकं बगितल्यात. एक इचारू?"

"विचार की."

"ह्या वैद्यानं पयल्यांदाच पेला सांडला असता, तर जमलं असतं की. पोरगं बी वाचलं असतं आनि ह्यो बी. जुन्या लिवणाऱ्यानं त्याला मारला कशाला?"

मी नाटकाच्या नादात बोलून गेले. "सांडला असता तर त्यात काय होतं हे कुणाला कळलं असतं? राजा म्हणाला असता, औषधच होतं, म्हाताऱ्याचा हात थरथरला. उद्या दुसरा वैद्य, दुसरा पेला. ह्याने पिऊन दाखवलं म्हणून तर ते विष होतं हे सगळ्यांना दिसलं."

तो आरशात बघत राहिला. अर्धा गुरुसिद्धप्पा, अर्धा वैद्य.

"म्हंजे मरन हीच त्याची साक्ष म्हना की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हा काय विचारतोय. मी घाईघाईने म्हणाले, "नाटकात हं, गुरुसिद्धप्पा. नाटकात. घरी शिवम्मासारखी बायको आहे, लग्नाच्या दोन मुली आहेत तुझ्या."

"ते बी खरं हाय," तो म्हणाला. "लावा बाकीची दाढी."

प्रयोग सुट्टीच्या दिवशी, दुपारी, कारखान्याच्याच आवारात मांडव घालून. पुढच्या रांगेत मालक आणि त्यांचे पाहुणे, मागे विणकरांची कुटुंबं, मधल्या वाटेवर शेंगदाणे सोलणारी पोरं. चार अंक बिनबोभाट गेले. पाचव्या अंकात गुरुसिद्धप्पाने चौरंगावरचा पेला उचलला. डाव्या तळहातावर घेतला. आणि गप्प झाला.

माझ्या मांडीवर नवं पान होतं. पहिला शब्द "पुरे". समोरच्या विंगेतून सर हाताने खुणा करत होते, द्या, द्या. मी खाली बघितलं. त्याची पावलं फळीवर घट्ट. अंगठा जागचा हललेला नाही. मांडवात कुणीतरी खोकलं. सर आता दोन्ही हात हलवत होते. मी शब्द दिला नाही.

"आधी वैद्याने चाखावं," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "मग रोग्याने." आणि प्यायला.

आता राजाची पंचाईत. त्याला नव्या शेवटाचा पश्चात्ताप पाठ, आणि समोर वैद्य विष पिऊन मोकळा. राजाचे दोन्ही अंगठे विंगेकडे वळले. मी टाचणी उपटली, नवं पान बाजूला केलं आणि त्याला जुन्या शेवटाचे शब्द एकेक करून घास भरवावेत तसे भरवले. तोवर गुरुसिद्धप्पा खांबाला टेकून मांडी घालून बसला होता. मान ताठ, डोळे मिटलेले, रिकामा पेला डाव्या तळहातावर.

नाटक संपलं. टाळी नाही. सरांना भीती होती तसंच झालं, वैद्य मेला हेच कुणाला कळेना. लोकांना वाटलं, वैद्य अजून बोलायचाय. पडद्याची दोरी धरून आमचे हे माझ्याकडे बघत होते. मागून एक जण ओरडला, "उठा की वैद्यबुवा!" चार जण हसले. तेवढ्यात बायकांतली एक लिंगायत म्हातारी उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "शिवशिवा! लिंगैक्य झाला की ओ!" मग मांडवाला कळलं. टाळ्या तरीही वाजल्या नाहीत. पुष्कळ लोक नुसते उभे राहिले. मालक पाहुण्यांना घेऊन निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान गोळा करायला कारखान्यात गेले. शेडच्या दाराशी टेबल मांडून सरकारी साहेब बसले होते, शेजारी खुर्चीवर मालक. कामगार भिंतीला लागून उभे. मी मुकुट पोत्यात भरत होते ती जागा टेबलापासून फार लांब नव्हती.

"तुम्ही जॉबर ना?" साहेबांनी विचारलं. "मयत दारू पिऊन वर चढला होता का?"

गुरुसिद्धप्पा गप्प. मालकांनी घसा खाकरला. तो त्यांच्या परीने प्रॉम्प्टच होता. माझे हात पोत्यात तसेच राहिले. साहेबांपुढे येताना त्याने चपला काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे पावलं मला दिसत होती. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की अंगठा मालकांकडे वळावा. मुलींची लग्नं होऊ देत, ह्याची नोकरी राहू दे, वैद्य गेला खड्ड्यात.

अंगठा वळला नाही.

"आदी माझं लिवा साहेब," तो म्हणाला. "त्याला वर चढ म्हनून मी सांगितलं. तुळई कुजली हाय हे मला ठावं हुतं. मला मालकांनी सांगितलं, त्यांना बी ठावं हुतं. नरसय्या प्यालेला न्हवता. कदीच पीत न्हवता त्यो."

मग भिंतीला लागून उभे असलेले विणकर एकेक करून पुढे आले. पाठ केलेलं वाक्य कुणीच म्हटलं नाही. साहेबांचा हात लिहिताना थांबत नव्हता. मालक उठून आत गेले.

लक्ष्मम्माला जे मिळायचं ते पुढे मिळालं. गुरुसिद्धप्पाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. दुसऱ्या कारखान्यांतही त्याला कुणी उभं केलं नाही, मालक मालकांना ओळखतात. तो जवळच्या कुंभारी गावात बायकोच्या भावाकडे गेला आणि जिराईत जमिनीत राबायला लागला. मुलींची लग्नं झाली, ठरली होती तिथे नाही झाली. एकदा शिवम्मा मला बाजारात भेटली आणि न बोलता पुढे गेली. मी तिला दोष देत नाही. अर्धी दाढी लागलेली असताना मी तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं, हे मीही अनेकदा मनात घोळवलंय. नट म्हणतात प्रॉम्प्टरने स्वतःचं वाक्य घालू नये. मी घातलं होतं की नव्हतं, मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्याने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. मंडळ मालकांचं, काम कोण देणार? पण दर गड्ड्याच्या यात्रेला तो दुकानात यायचा, चहा प्यायचा, खुंटीवरची वैद्याची दाढी हातात घेऊन बघायचा. मी एकदा विचारलं, "पस्तावतोस का रे?"

"लई येळा," तो म्हणाला. "पेरणी बुडाली की पस्तावतो. मग लक्ष्मम्माची पोरं यात्रंत भेटत्यात, काका म्हनत्यात. मग न्हाय पस्तावत. असं येगयेगळं चालतंय, अक्का." मग दाढी खुंटीवर अडकवली आणि म्हणाला, "तुमच्या वैद्याला बरं हाय. प्यायला की सुटला. हितं दुसऱ्या दिवशी उठावं लागतं."

ते मात्र कुठल्याच जुन्या पुस्तकात नव्हतं. सहावा अंक लिहायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

दशक सरता सरता एका सकाळी निरोप आला. आम्ही दोघं एस.टी.ने कुंभारीला गेलो. त्याला ओसरीत बसवलं होतं. भिंतीला टेकून, मान ताठ, कपाळावर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर लिंग. लक्ष्मम्मा दोन्ही पोरांना घेऊन आली होती. शिवम्मा त्याच्याजवळ बसली होती. मला बघून तिने पदर सावरला आणि सरकून शेजारी जागा करून दिली.

मी त्याच्या अगदी बाजूला बसले, विंगेत बसायचे तेवढ्याच अंतरावर. बायका रडत होत्या, आणि त्याच्याकडे बघताना मला सारखं वाटत होतं की हा आता बोलेल. "आधी" हा त्याच्या वाक्याचा पहिला शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. सवयीने मी खाली बघितलं. मांडी घातलेली, पावलं दुमडून पांढऱ्या धोतरात गेलेली. अंगठा दिसत नव्हता. मी शब्द तोंडातच धरला आणि वाट बघत बसले.